सहावी खुर्ची

"खुर्च्यांचे पाय कमी वाकले का, मेस्त्री? की रंग फसला? मग बाईंनी दिवाणखान्याला कुलूप का लावलं?"

बाबल मेस्त्री लाकडाचा तुकडा कानसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हे विचारणारा हरेश्वर त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकत होता. हात उत्तम होता, आणि दुर्दैवाने हे त्याला ठाऊकही होतं. विजयकरबाईंच्या दिवाणखान्यातल्या जुन्या अमेरिकन खुर्च्या दुरुस्तीला आल्या तेव्हा त्याने त्या हट्टाने मागून घेतल्या होत्या.

खुर्च्या खरंच बघण्यासारख्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या, महोगनी लाकडाच्या. अमेरिका तेव्हा अजून नवा देश, आणि तिथल्या शेठलोकांना आपली घरं ग्रीकांच्या देवळांसारखी दिसावीत अशी हौस सुटलेली. म्हणून पाय तलवारीसारखे बाहेर वाकलेले, आणि पाठीत तारांच्या वाद्याची नक्षी. बाईंच्या आजेसासऱ्यांनी त्या कुणा परत निघालेल्या अमेरिकन व्यापाऱ्याकडून घेतल्या होत्या.

"सांग पुन्हा," मेस्त्री म्हणाले. "सगळं सांग."

"गुरुवारी खुर्च्या पोचवल्या. बाई आल्या. बोटाने एकेक मोजल्या. शेवटच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. 'छान झाल्यात' म्हणाल्या, नि आत गेल्या."

"मग?"

"आज सहज गेलो होतो..."

सहज कसला, कौतुक ऐकायला गेला होता. दार बाईंच्या घरी काम करणाऱ्या सरूबाईंनी उघडलं. त्याला उंबऱ्यावरच उभं ठेवून म्हणाल्या, "दिवाणखाना बंद केलाय बाईंनी. नऊ वर्षं चारचा चहा तिथं घ्यायच्या. आता स्वयंपाकघरात पाटावर बसून घेतात. मेल्या, पाटावरून त्यांना उठवायला दोघी लागतात."

तिथून तो तडक कारखान्यात आला होता.

"किती खुर्च्या पोचवल्यास?" मेस्त्रींनी विचारलं.

"सहा."

"आणल्या होत्यास किती?"

"...पाच."

कानस थांबली.

"सहावी मी केली, मेस्त्री. नवीन. तीन महिने रविवार घालवले. जुनी महोगनी मिळवली, चपडा लाखेच्या पॉलिशचे चाळीस हात दिले. पाचांत मिसळून ठेवली तर मलासुद्धा ओळखू येईना. खिडकीजवळ मांडली, सेट पुरा झाला."

"मूळची सहावी कुठं गेली, विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. बाईंच्या मुलाची जागा होती ती, खिडकीजवळची. तो नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा बाईंनी ती खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली."

"हे कळल्यावर केलीस?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"बैठकीच्या फळीखाली तुझ्या नावाचं अक्षर कोरलंस?"

हरेश्वरने अंगठ्याने नखातलं पॉलिश खरवडलं.

"...हो."

मेस्त्री उठले. गुडघ्यांवरचा भुसा झटकला. भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर हत्यारांच्या खुंट्या होत्या. दुसऱ्या खुंटीवर दोन करवती, तिसरीवर दोन रंधे, एकमेकांना घासत लटकलेले. चौथी रिकामी. मेस्त्रींचा मुलगा रघुवीर त्या खुंटीवर आपला रंधा टांगायचा. बारा वर्षांपूर्वी तापात गेला. कारखान्यात जागेची एवढी मारामार, पण त्या खुंटीला कुणी हात लावत नसे. कुणी कुणाला तसं सांगितलंही नव्हतं.

"तुझा रंधा टांग तिथं."

"मेस्त्री, ती रघुदादाची..."

"रघू कुठाय?"

हरेश्वर मागे सरला.

"खुंटी रिकामी आहे. भिंत बरी दिसत नाही. टांग."

मेस्त्रींचं त्याने कधी मोडलं नव्हतं. त्याने रंधा उचलला. रंधा खुंटीवर बसला, अगदी बेताचा, जणू तिच्याचसाठी केलेला.

भिंत भरली. छान दिसत होती.

मेस्त्री तिच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. अकरा वर्षांत हरेश्वरने तो चेहरा पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहण्याची त्याची छाती नव्हती.

त्याने झटकन रंधा काढला.

आता खुंटी पुन्हा रिकामी होती. पण ती मघासारखी दिसेना. मघाशी तिथे रघुवीरची जागा होती. आता नुसता लाकडाचा खुंट होता, भिंतीतून बाहेर आलेला.



"हे..." हरेश्वरने रंधा खाली ठेवला. "हे पहिल्यासारखं होईल ना?"

रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. चाकाचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मी आत्ता जातो. सहावी उचलून आणतो."

"त्यांच्या खिडकीजवळून?"

हरेश्वरने खुंटीकडे पाहिलं. मग मान खाली घातली. आणली तरी वाईट, ठेवली तरी वाईट. आपल्या हातून काय झालं ते आता त्याला दिसलं. आपल्याच हातांची त्याला लाज वाटली.

"मग मी करू काय, मेस्त्री?"

मेस्त्री परत आपल्या जागी बसले. तुकडा हातात घेतला. कानस मात्र उचलली नाही.

"चार वाजत आलेत," ते म्हणाले. "बाई चहाला बसतील. जा त्यांच्याकडे."

"जाऊन काय बोलू?"

"बोलायचं काय त्यात? बस जाऊन."

हरेश्वर दारापर्यंत गेला. सवयीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"ती ठेव इथं," मेस्त्री म्हणाले. "आणि त्यांनी बसायला पाट दिला, तर घेऊ नको. भुईवर बस."