हात

"तीनदा खोललास?"

"तीनदा."

"आणि तरी तिसरा गिअर सटकतो?"

"सटकतो. म्हणून तर आलो, उस्ताद."

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. जतच्या अलीकडं, माळावर त्यांचं एका पत्र्याचं गॅरेज होतं. समोर चौदा वर्षांनी आलेला शिष्य उभा होता... बिरुदेव हाक्के. सांगलीत त्याचं मोठं दुकान. पाटीवर त्याच्या नावाखाली एकच ओळ : गिअरबॉक्सचे खास कारागीर.

दारात त्याची स्वतःची पिकअप उभी होती. बावीस वर्षांची गाडी. रंग उडालेला, इंजिन अजून ठणठणीत.

"काय काय बदललंस?"

"सगळं. दात बदलले, बेअरिंग बदललं, स्प्रिंगा नव्या घातल्या. ऑइल वेळच्या वेळी. उस्ताद, माझ्या हातच्या कामात खोट नाही. लांबलांबनं लोक गिअरबॉक्स माझ्याकडंच आणतात."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

बिरुदेवानं दारातल्या गाडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "परवा घाट उतरताना सटकला. गाडी मोकळी सुटली. ब्रेक दाबून दाबून तापला... कठड्याला घासून थांबलो."

"संगं कोण होतं?"

"कोण नाही."

उस्तादांनी हात पुढं केला. "जुने फोर्क आणलेस?"

बिरुदेवानं पोत्यातून तीन फोर्क काढले आणि फरशीवर ओळीनं मांडले. गिअर टाकला की आतल्या फिरत्या कडीला जागेवर सरकवणारी ही लोखंडी चिमट्यासारखी वस्तू. उस्तादांनी एकेक उचलला. डोळ्यांना आता कमी दिसायचं, म्हणून अंगठा फिरवून पाहिला.

"तिन्ही एकाच बाजूनं झिजलेत."

"तेच कळत नाही."

"असा फोर्क निघाला, तर गिऱ्हाइकाला तू काय विचारतोस?"

बिरुदेव हसला. "गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवता का, म्हणून विचारतो. हाताचं वजन दांड्यावर, दांड्याचं फोर्कवर. फोर्क रात्रंदिवस घासत राहतो."

"मग?"

"मग काय? उस्ताद, मी मिस्त्री आहे. मी कशाला हात ठेवीन?"

उस्ताद उठले. काठी घेतली.

"गाडी काढ."

ते डाव्या बाजूचं दार उघडायला लागले तसा बिरुदेव घुटमळला. त्या सीटवर काही नव्हतं. तरी त्यानं रुमालानं ती दोनदा पुसली.

"बसा," तो म्हणाला.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना माळ, मधूनच बाभळ. नवा रस्ता झाल्यापासून इकडं फारसं कोणी फिरकत नसे. बिरुदेवानं पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. गिअर लोण्यासारखे पडत होते.

"बघा," तो म्हणाला. "काही आवाज आहे का?"

उस्तादांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

एक मैल गेला. दुसरा गेला.

मग उस्तादांनी आपला तळहात बिरुदेवाच्या डाव्या हातावर ठेवला. नुसता ठेवला.

बिरुदेवानं खाली पाहिलं. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर होता. बोटं घट्ट आवळलेली.

त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिला.

"माझ्याकडं शिकत होतास तेव्हा ही सवय नव्हती," उस्ताद म्हणाले.

"नव्हती."

"कधी लागली?"

बिरुदेवानं दांड्यावरचा हात उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"बिरू."

"बायको गेल्यापास्नं. कस्तुरा." बिरुदेव म्हणाला. "दोन वर्षं झाली. कावीळ झाली होती."

"मला कळवलं नाहीस."

"तुम्हाला न सांगता निघून गेलो होतो. कुठल्या तोंडानं कळवू?"

उस्ताद समोरच्या रस्त्याकडं पाहत राहिले.

"कुठंही जायचं झालं तरी ती शेजारी असायची," बिरुदेव म्हणाला. "गिअर पडला की हात तिच्याकडं करायचो. ती शेंगा सोलून तळहातावर ठेवायची. बोलायची नाही फार... नुसती सोलत बसायची. आता गिअर पडतो आणि हात मोकळा राहतो."

"हं."

"दांडा थरथरतो ना, उस्ताद... हाताखाली कायतरी जिवंत असल्यागत वाटतं."

उस्तादांनी आपला तळहात काढून घेतला.

"चल," उस्ताद म्हणाले. "नवा फोर्क आणलाय ना?"

दोघांनी मिळून गिअरबॉक्स उतरवला. उस्ताद गाडीखाली आडवे झाले ते दुपार टळेपर्यंत उठले नाहीत. पाना मागायचे, कापड मागायचे. बाकी शब्द नाही. बिरुदेव मिस्त्री होता, तरी त्या दिवशी त्यानं फक्त हत्यारं दिली. फोर्क बसला. ऑइल भरलं. उस्तादांनी प्रत्येक नट स्वतः आवळला आणि स्वतःच पुन्हा तपासला.

उस्तादांनी स्वतःच चुलीवर भाकरी थापली; त्यांची बायको जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. दोघं जेवले. निघताना बिरुदेवानं पाय धरले. उस्तादांनी त्याला उठवलं.

तो गाडीत बसला. पहिला टाकला. दांड्यावरून हात उचलला... आणि तो हात तसाच अधांतरी राहिला. त्याला तो मांडीवर ठेवता येईना, स्टिअरिंगवर ठेवता येईना.

"उस्ताद."

"बोल."

"फोर्क बसवलात. पण हा हात... हा कुठं ठेवू?"

दस्तगीर उस्ताद चिंधीनं बोटांमधलं काळं ऑइल पुसत होते. पुसणं थांबलं.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "माझे तर दोन्ही हात एकोणीस वर्षं लोकांच्या गाड्यांत आहेत."