तिवसखेड्याच्या चर्चमधलं उत्तर

सातपुड्याच्या पायथ्याशी, तिवसखेड्याच्या वरच्या टेकाडावर लूथरन मंडळीचं एक कौलारू चर्च आहे. तिथल्या रविवारच्या उपासनेत नवखा माणूस एका ठिकाणी हमखास गोंधळतो. सुरुवातीला पाळक हात पसरून म्हणतात, "प्रभू तुम्हांबरोबर असो." इतर मंडळ्यांमध्ये याचं उत्तर पुस्तकातलं असतं आणि ते लगेच येतं. इथे आधी शांतता पसरते. मग सगळ्यांत मागून, अगदी गावच्या बोलीत, कुणीतरी म्हणतं, "तुमच्याबी संग राहो, बाबाजी." त्यानंतर सारी मंडळी तेच शब्द म्हणते.

दाराशी पाहुण्यांना गीतांचं पुस्तक देणाऱ्या मार्थाबाई उइके यांना हे नेहमी विचारलं जातं. त्या पायरीवर बसतात, गुडघे चोळतात आणि सांगतात. त्यांना त्यांच्या आजीने सांगितलं होतं.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षीची गोष्ट. गोरे मिशनरी साहेब आधीच आजारी होऊन निघून गेले होते, आणि मंडळी सांभाळायला नथानिएल खंडारे नावाचे उपदेशक तेवढे राहिले होते. शाळाही तेच चालवत, म्हणून सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. चर्च बांधलं तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की जोवर उत्तर देणारा एक जण तरी आहे, तोवर इथली उपासना बंद पडणार नाही.

शब्द दिला तेव्हा चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. साथीत घरंच्या घरं रिकामी झाली. जे उरले ते गाव सोडून शेतात खोपटी बांधून राहिले. मास्तर रोज कबर खणत. खणायला दुसरा माणूस मिळेना, तेव्हा एकट्याने खणत. बायको रिबका गेली, तिलाही त्यांनीच पुरलं. त्या दिवशी त्यांना रडूसुद्धा आलं नाही म्हणे, इतके ते थकले होते. घरी येऊन भिंतीला टेकले आणि तसेच झोपले.

दर रविवारी मात्र घंटा वाजे. आधी दहा-बारा माणसं येत, मग चार, मग एकटा लाबान म्हातारा. तो खोकत खोकत उत्तर द्यायचा. मग लाबानही गेला. पुढच्या रविवारी मास्तरांनी पाळकाचं वाक्य म्हटलं आणि मंडळीचं उत्तरही स्वतःच दिलं. रिकाम्या भिंतींवरून आपलाच आवाज परत आला, तेव्हा त्यांना फार लाज वाटली. आपण देवाला फसवतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ठरवलं, की एकदा घंटा वाजवायची, एकदा वाक्य म्हणायचं, आणि कुणी बोललं नाही तर कुलूप लावून भावाच्या गावी निघून जायचं. शब्द तर मोडणार नव्हताच. उत्तर द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

ते वेदीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले, पण मान वर करायचं त्राण नव्हतं. पुस्तकाकडे बघतच त्यांनी म्हटलं, "प्रभू तुम्हांबरोबर असो."

कौलात चिमण्या भांडत होत्या. मास्तर बराच वेळ थांबले. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"तुमच्याबी संग राहो, बाबाजी."

मास्तर दचकले. दाराजवळच्या चटईवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. पाय धुळीने पांढरे झालेले, शेजारी बांबूच्या टोपल्यांची चवड.

"तुम्ही ख्रिस्ती आहात का, बाई?"

"नाही जी. मी बुरडाची. माहेरी चालली. सावली दिसली म्हणून टेकली." ती जरा भ्यायली. "तुम्ही मलेच म्हटलं ना? कोणी चांगलं म्हटलं तर आपणबी म्हणाव."

मास्तरांनी मान हलवली. मग तिनेच विचारलं, "पुढं काय असते?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि एकेक गोष्ट तिला सांगत उपासना चालवली. "आता आपण आपली पापं कबूल करतो. आता देवाचं वचन वाचायचं, त्याला आम्ही उभे राहतो." ती उठायला लागली, पण पाय लटपटले. "तुम्ही बसा," मास्तर म्हणाले, आणि मग स्वतःही तिच्यासमोर जमिनीवर बसून त्यांनी वचन वाचलं. "प्रभो, दया कर" आलं, तेव्हा ती म्हणाली, "हे तं मले येते." तिने ते तीनदा म्हटलं. मास्तरांना एकदाही म्हणता आलं नाही.

"आता आपल्या मेलेल्यांची आठवण करतो. तुमचं कोण गेलं?"

नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? शेवटी म्हणाली, "माझ्या पोराचा बाप. आन् पोरगाबी."

मास्तरांनी प्रार्थनेत तसंच म्हटलं, या बाईच्या पोराचा बाप आणि तिचं पोर. मग खूप दिवसांनी त्यांच्या तोंडून रिबकाचं नाव निघालं, आणि ते तिथेच ढसाढसा रडले. बाई उठली नाही. ते शांत होईपर्यंत बसून राहिली.

मास्तरांनी हात वर करून आशीर्वाद दिला, तिला पाणी आणि शिळी भाकर दिली. ती चटईवरच दुपार टळेपर्यंत झोपली आणि मग वाटेला लागली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पण वाटेवरच्या खोपटीखोपटीत ती सांगत गेली म्हणे, की टेकाडावर एक बाबाजी आहे, तो तुमच्या माणसांसाठी देवाजवळ बोलतो, आणि बसायचं असलं तर बसू देतो. पुढच्या रविवारी सात माणसं आली. त्यांतली तिघं ख्रिस्तीही नव्हती. मास्तरांनी त्यांना पुस्तकातलं उत्तर शिकवलं नाही. बाईचं शिकवलं.

एवढं सांगून मार्थाबाई पाहुण्यांना मागच्या बाकावर नेतात. त्या म्हणतात, "उभं राहवलं नाही तर बसा. गाणं नाही आलं तर ऐका. प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी पुढे जायचं नसेल तर कुणी कारण विचारणार नाही. आणि बाबाजींनी म्हटलं की उत्तर तुमचं. धीर नाही झाला तर मी म्हणीन."

आजही तिवसखेड्याला नवा पाळक आला, की त्याच्या पहिल्या रविवारी मंडळी मुद्दाम आणखी उशिरा उत्तर देते. चर्च भरलेलं असतं, सगळे त्याच्याकडे बघत असतात, आणि कुणी बोलत नाही. काही पाळक घाबरून पुढची ओळ वाचायला लागतात. मग म्हातारी माणसं हळूच हात वर करून त्यांना थांबवतात. म्हणतात, "थांबा, बाबाजी. येते उत्तर."