बटणाच्या फोनाचा वसा

ऐक जिवतीबाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगराच्या वेशीवर उंच टॉवर होता. तिथं दोन जावा राहात, भिंतीला भिंत लागून. थोरली गोदाबाई, धाकटी मंदाकिनी. मंदाकिनीच्या हाती मोठा फोन आला. मग ती उठता फोन बघे, बसता फोन बघे, दूध तापवता फोन बघे. दूध उतू जाई. हसू नका बायांनो, कुणाच्या पदराखाली उजेड पडलाय ते मला इथून दिसतंय.

श्रावण आला. शुक्रवारी सवाष्ण जेवायला बोलवायची, मान थोरल्या जावेचा. कुंकू घेऊन दारी जावं, आवतण द्यावं. मंदाकिनीनं ते बसल्या जागी फोनवर धाडलं. गोदाबाईचा फोन बटणांचा, त्यात ते कसं पोचावं? पान वाढलं, पान सुकलं, सवाष्ण आली नाही. दुसऱ्या शुक्रवारी भिंतीवरून हाक मारली. गोदाबाई आली, पण मंदाकिनी पुरणपोळीचे फोटो काढीत बसली. तूप थिजून गेलं. तिसऱ्या शुक्रवारी गोदाबाई जेवता जेवता म्हणाली, "मंदे, आम्ही दोघं घर बंद करून मुलाकडे राहायला जातो." मंदाकिनी फोनात बघत म्हणाली, "हं." पुन्हा सांगितलं. "हं." तिसऱ्यांदा सांगितलं. "हं, छानच." गोदाबाईनं हात धुतले नि ती घरी गेली.

मग जिवती म्हातारीचं रूप घेऊन दारी आली. "बाई, पाणी दे." "थांबा." "बाई, पाणी दे." "थांबा हं." मग म्हातारीनं फोनवर आपला तळहातच ठेवला. तेव्हा कुठं मंदाकिनीनं मान वर केली. म्हातारी म्हणाली, "अगं, जाऊ तुझी ट्रंका भरतेय. तिनं तीनदा सांगितलं, तू तीनदा हं म्हणालीस." जिनं पुरण वाटायला शिकवलं, बाळंतपणात उशाशी बसली, ती जाणार! मंदाकिनी रडू लागली. "आजी, उपाय सांगा."

"मोठा फोन नवऱ्याला दे. बटणांचा घे. बोलायचं तेवढं बोल, मग ठेव. आवतण पायांनी जाऊन दे. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको." म्हातारी पाणी प्याली नि दिसेनाशी झाली.

नवरा म्हणाला, "अगं, गॅस कसा मागवशील?"

"बटणं दाबून."

चौथा शुक्रवार आला. मंदाकिनी कुंकवाची कोयरी घेऊन शेजारी गेली. ओसरीवर ट्रंका बांधून ठेवलेल्या. "जाऊबाई, जेवायला या. आणि मागल्या शुक्रवारी सांगत होतात, ते पुन्हा सांगा. मी ऐकते." गोदाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांना पदर लावला. "काय सांगू, मंदे? इथं बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून निघाले होते."

मग ती जेवायला आली. पोळी ऊन होती, तूप पातळ होतं. दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. मग गोदाबाईनं मुलाला फोन लावला, "दिवाळीला चार दिवस येऊन जाऊ रे," म्हणाली, आणि ट्रंकांच्या दोऱ्या सोडल्या.

जशी मंदाकिनीची जाऊ राहिली, तशी तुमची माणसं तुमच्या भिंतीला राहोत. तुम्ही बोलावं, त्यांनी ऐकावं; त्यांनी बोलावं, तुम्ही वर बघावं. ही साठां उत्तरांची कहाणी दहा बटणांत सुफळ संपूर्ण.