हरगिरीच्या खडावा

“खडावा हरगिरीला का दिल्यात?”

सोमगिरीनं हे विचारलं ते महंतांच्या पायांकडे बघत. तो कुणाच्याच तोंडाकडे बघत नसे. गोसाव्यांच्या त्या मठात बारा वर्षं काढली, पण बोलताना त्याचा आवाज कधी चढला नव्हता. आज चढला होता. निंबाखाली त्याचं गाठोडं बांधून तयार होतं.

महंत भर दुपारी फरशीचं अंगण ओलांडून त्याच्यापाशी आले होते.

“तुला हव्या होत्या?”

“हो. गुरूच्या खडावा पूजेला ज्याला मिळतात तो जवळचा. होळीला दिल्यात. आज सेहेचाळीस दिवस झाले. मी रोज जळतो.”

महंतांनी गाठोड्याकडे पाहिलं.

“त्याला बोलता येतं. गावात गेला की लोक त्याला ओसरीवर बसवून घेतात. तो हसला की सगळे हसतात. मी हसलो की सगळे थांबतात. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवता. माझ्या नाही.”

“ठेवला होता. एकदा.”

“मी ओरडलो होतो.”

“हं.”

“तरी हवा होता… म्हणजे हात नको. पण हवा होता.”

हे त्याला नीट सांगता येईना, म्हणून तो आणखीच चिडला. हरगिरीनं हेच कसं गोड करून सांगितलं असतं, या विचारानं तर त्याचा तिळपापड झाला.

महंत सावलीत टेकले. त्याच्यापासून दोन हात लांब, नेहमीसारखे.

“मी खडावा घालून यायचो तेव्हा तू काय करायचास?”

“कानांत बोटं घालायचो. टक टक टक. डोक्यात खिळे ठोकल्यासारखं व्हायचं. मग विहिरीमागे पळायचो.”

“आणि होळीपासून?”

“होळीपासून नाही पळालो.”

एवढं बोलून सोमगिरीनं महंतांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

महंतांनी उजवा पाय पुढे केला.

“सात भेगा,” सोमगिरी म्हणाला. “होळीला एकही नव्हती. चौथी रामनवमीला पडली. सातवीतून काल रक्त आलं.”

“हरगिरीला ठाऊक आहे?”

“नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघतो.”

सोमगिरीनं गाठोडं मांडीवर ओढलं आणि हळूहळू गाठ सोडली.

“त्याच्याकडे आहेत याचं अजून जळतंय,” तो म्हणाला.

“जळू दे.”

“त्या परत मागून घ्या. मी कानांत कापूस घालीन.”

“नको.”

“पाय फाटतील तुमचे.”

महंतांनी वळून अंगणाकडे पाहिलं.

“चाळीस वर्षं या फरशीवरून चालतोय,” ते म्हणाले. “ती तापते, हे तुझ्यामुळे कळलं.”