गोठ्याचा नियम

दाराला आतून कडी लावून प्रार्थनेला बसणाऱ्यांनो, ही गोष्ट तुमचीच आहे. उगाच मागे वळून बघू नका.

फार वर्षांपूर्वी एका चर्चच्या अंगणात नाताळचा गोठा मांडला होता. त्यातल्या मातीच्या बैलाने नियम केला, "नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मांडले गेले ते आपले. नंतर आले ते परके."

नाताळच्या आदल्या दिवशी, पुरात गाव वाहून गेलं तेव्हा टेकडीवर असल्याने वाचलेली एक शेळी दाराशी आली. "मामा, मी कच्च्या मातीची आहे. दव पडलं की विरघळेन. कोपऱ्यात उभी राहू?"

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"मग चालू लाग!"

शेळी अंगणापलीकडे माडाखाली जाऊन थरथरत उभी राहिली.

संध्याकाळी फादर बाळ येशूला घेऊन आले. गव्हाणीत बाळाला नेहमी सगळ्यांत शेवटी ठेवतात. बैल दार अडवून उभा राहिला. "हा कधी आला?"

"आत्ताच," फादर म्हणाले.

"मग बाहेर! नियम सगळ्यांना सारखा."

फादरांनी कपाळावर हात मारला आणि बाळाला माडाखाली शेळीच्या कुशीत ठेवलं. बाळामागे त्याची आई मारिया गोठ्यातून निघाली, तिच्यामागे योसेफ. देवदूताने छतावरचा तारा उपटून काखेत मारला. मारियेने शेळी आणि बाळ दोघांवर पदर पांघरला. शेळीवर दवाचा एक थेंब पडला नाही.

मेणबत्त्या घेऊन आलेला सगळा गाव माडापुढे गुडघे टेकून बसला.

बैल अजून दारात ताठ उभा होता. आतून कोंबडी म्हणाली, "मामा, नियम अगदी चोख पाळलात हं. पण लोक आपल्याकडे पाठ करून का बसलेत?"