शून्यापासून हळूहळू

“...आणि भागोजीनं सासूला शेवयांच्या यंत्रात—”

नळावर एवढंच ऐकू आलं. पुढचं कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीनं खाल्लं. पण अर्ध्या बातमीनं कुणाचं पोट भरलंय? मुळापासून ऐका.

एका गावात हा भागोजी राहायचा. इतका भोळा, की ‘बस’ म्हटलं तर आधी पाट शोधायचा. त्याच्या बायकोनं, यमुनेनं, शेवयांचं जुनं यंत्र घेतलं. मोटर थ्री फेजची, घरात लाइन साधी. भागोजीची सासू कोंडाबाई पाहुणी आलेली. तिनं बजावलं, “आज यंत्र फिरलं नाही, तर पोरीला घेऊन संध्याकाळच्या एसटीनं जाणार!”

हुसेनभाई वायरमननं साध्या लाइनवर तसली मोटर चालवणारा ड्राइव्हचा डबा भिंतीला ठोकला, प्लगची वायर जोडली, अर्थिंग दिलं.

“बघ भागोजी, घरच्या प्लगातून दोन तारा आत, मोटरला तीन बाहेर.”

“तिसरी कुठनं आली?”

“डबा आतल्या आत बनवतो.”

भागोजी थेट गल्लीत. “दोन किलो रवा आणा, तीन किलो शेवया न्या! यंत्रच तसलं आहे!” घटकाभरात दारात बायकांची रांग.

हुसेनभाईनं कपाळावर हात मारला. “अरे, तारांचं सांगितलं, रव्याचं नाही!”

“चुकलं. आता सुरू करू?”

“आधी घरातलं बाकी सगळं बंद कर. प्लगावर लोड येतो.” एवढं सांगून हुसेनभाई कोपऱ्यावर चहाला गेला.

भागोजीनं पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. चुलीवरचं दूध उतरवलं. शेळी रवंथ करत होती, तिचं तोंड धरून ठेवलं. सासूची बडबड चाललेली.

“मामी, तुम्हीपण बंद करा. लोड येतो.”

मग बटण दाबलं. यंत्र ढिम्म. यमुनेनं पाहिलं, तर ड्राइव्हचाच प्लग उपटलेला.

“अहो, हा कशाला काढला?”

“घरातलाच आहे ना!”

कोंडाबाईनं पिशवी भरायला घेतली. यमुनेचे डोळे भरले. भागोजी धावत कोपऱ्यावर.

“तो प्लग सोडून रे, बाबा!” हुसेनभाईला चहाचा ठसका लागला. “आणि ऐक. वेग शून्यापासून हळूहळू वाढव, नाहीतर झटका बसेल. अन् बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नकोस, आत करंट साठलेला असतो.”

भागोजी निघाला. पहिलं पाऊल मुंगीचं. दुसरं गोगलगायीचं. देवळाशी चालू लागला, पिंपळाशी पळू लागला, आणि घरात शिरला तो वळूसारखा. वाटेत शेजारच्या द्वारकेची, कुरडया वाळत घातलेली बाज आडवी झाली.

“मिळाली का युक्ती?” यमुनेनं विचारलं.

“मिळाली! हळूहळू वाढवायचं. ते येतानाच उरकलं!”

पीठ भरलं. आता काय होतंय ते बघायला कोंडाबाई पिशवी ठेवून यंत्रापुढं पाटावर बसली, हातात शेवया झेलायची काठी. भागोजीनं प्लग घातला आणि डब्यावरचं वेगाचं बटण एकदम शेवटापर्यंत फिरवलं.

गर्रर्र! काठी उडाली. शेवया थेट सासूच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर. नाकापुढं तर मुंडावळ्याच!

“बंद करा हो!” यमुना ओरडली. भागोजीनं तेवढं मात्र चटकन केलं.

“जावईबापू, सोडवा मला!”

भागोजीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. “मामी, आत्ताच बंद केलंय. दहा मिनिटं तुम्हाला हात लावायचा नाही. यमे, तूसुद्धा लांब हो!”

बायका मात्र थांबल्या नाहीत. काठ्या घेऊन आल्या आणि सासूवरून शेवया उतरवून वाळत घालू लागल्या. तेवढ्यात फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला, आणि गाडी गेलीसुद्धा. यंत्र फिरलं होतं, यमुना राहिली. पण आता मामीही राहिल्या.

तेव्हा सासूला यंत्रात घातलं, हे साफ खोटं. शेवयांतून काढलं, एवढं खरं.

दहा मिनिटं झाली. कोंडाबाईनं तोंडावरची शेवटची शेवई बाजूला केली, पदर खोचला आणि तोंड उघडलं.

भागोजीनं हात जोडले. “मामी, हळूहळू हं! शून्यापासून!”