घाव घालण्याआधी टकटक

समुद्राकाठी माडांच्या गर्दीत एक चिमुकलं घर होतं. तिथे शेवंती आपल्या आईबाबांबरोबर राहायची. बाबा माडावर चढून नारळ पाडत. पण एकदा ते माडावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. हाड जुळलं, पण पायात बळ काही येईना. बाबा खिडकीशी खाटेवर पडून असत आणि त्यांचा जड कोयता खुंटीला लटकून असे.

मग परसात घाणेरीचं रान माजलं. गुलाबी, पिवळी, केशरी इवली इवली फुलं दिसायला मोठी गोड, पण झुडपं काटेरी. विहिरीची वाट पार बुजून गेली. आई लांबच्या ओढ्यावरून पाणी आणायची, तेही अनवाणी. शेवंतीला ते बघवत नसे.

एके दिवशी आई ओढ्यावर गेली, तेव्हा शेवंती म्हणाली की आज कोयता मी चालवते. बाबांनी तिच्या काडीसारख्या दंडांकडे पाहून हसू दाबलं, पण नाही म्हटलं नाही. शेवंतीने दोन्ही हातांनी कोयता उचलला आणि जीव खाऊन हाणला. कोयता मातीत रुतला आणि बाईसाहेब फतकल मारून खाली बसल्या.

"दांडगाई नको गो बाय," खिडकीतून बाबा म्हणाले. "वजन कोयत्याचं आहे, ते त्यालाच वापरू दे. पाय लांब ठेव. आणि घाव घालण्याआधी काय करायचं, विसरलीस ना?"

विसरलीच होती. आधी कोयत्याच्या पाठीने खोडावर तीनदा टकटक करायची. आत कुणी सरडा, पाखरू असेल तर त्याला निघायला वेळ द्यायचा, अशी गावची रीत होती. टकटक सगळेच करत, थांबत मात्र कुणी नसे.

शेवंतीने टकटक केली आणि थांबली. पानं सळसळली आणि जांभया देत, काखेत गाठोडं घेऊन, बोटाएवढी एक परी बाहेर आली! तिचा झगा घाणेरीच्या फुलांसारखा रंगीबेरंगी होता आणि पंखांवर दवाचे थेंब चमचमत होते.

"लोक टकटक करतात आणि लगेच घाव घालतात," परी म्हणाली. "माझी तीन घरं तशीच मोडली. तू थांबलीस, म्हणून तुला दोन इच्छा देते. एका घावाला एक इच्छा. पण घाव या परसातल्या घाणेरीवरच हवा, आणि ऊन त्या कडेच्या फणसाच्या झाडामागे जायच्या आत."

शेवंतीला नेमक्या दोनच गोष्टी हव्या होत्या, आईची वाट आणि बाबांचा पाय. तिने वाट मनात धरली आणि कोयता पडू दिला. या वेळी तो पिसासारखा हलका झाला. रंगीत ठिणग्या उडाल्या, माजलेलं रान विरून गेलं आणि विहिरीपर्यंत गुलाबी पाकळ्यांची मऊ मऊ वाट उघडली. ओढ्यावरून आलेली आई बघतच राहिली. मग ती विहिरीवर गेली आणि गार पाण्यात पाय बुडवून कितीतरी वेळ बसली.

आता विहिरीपाशी एकच झुडूप उरलं होतं. शेवंतीने बाबांचा पाय मनात धरला, टकटक केली आणि थांबली. एक बुलबुल भुर्रकन उडाला. तरी आत चिवचिव चालूच होती. तिने फांदी हळूच बाजूला केली. वाटीएवढ्या घरट्यात तीन उघडीबोडकी पिल्लं होती.

तिने पुन्हा टकटक केली, अगदी हलकी. आईच आली असं वाटून पिल्लांनी चोची आणखी मोठ्या उघडल्या. ऊन फणसाला टेकलं होतं. शेवंतीने एकदा उन्हाकडे आणि एकदा पिल्लांकडे पाहिलं. मग तिने कोयता खाली ठेवला आणि ऊन फणसामागे गेलं.

ती मागच्या बंद दाराला टेकून बसली आणि हुंदके देऊन रडली. बाबांचा पाय तिने स्वतःच्या हाताने घालवला होता. तेवढ्यात परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"माझं चुकलं का गं परी?" शेवंतीने विचारलं. "त्यांना अजून उडता येत नाही."

परीने झग्याच्या टोकाने तिचे डोळे पुसले. "नियम तुझ्या इच्छांना होता," ती म्हणाली. "माझी स्वतःची एक इच्छा शिल्लक आहे. ती मी तुझ्या बाबांना देते."

तिने एक गिरकी घेतली. सगळं परस गुलाबी, पिवळ्या, केशरी उजेडाने भरून गेलं, आणि उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

इतक्यात शेवंतीच्या पाठीमागे, दाराच्या आतून आवाज आला. टक, टक, टक. पण दार कुणी उघडलं नाही. आतलं माणूस थांबलं होतं.

शेवंती बाजूला सरली. मग दार उघडलं आणि बाबा स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून बाहेर आले.